घरखरेदीचा सौदा आणि दलाल

दलाल हा शब्द आपणा व्यापाऱ्यांस परका नाही. आपल्यापैकी पुष्कळांचा चरितार्थ ज्या बाजारावर चालतो, तेथे दलाल व अडते यांच्यावाचून एक पोतेदेखील हलत नाही. असे असूनही धान्याच्या सौद्यात वानगी हातावर घेऊन दाणा न् दाणा पारखणारे गृहस्थ घर विकत घेण्याची वेळ आली की केवळ दलालाच्या शब्दावर लाखो रुपयांचा इसार देऊन मोकळे होतात, असे आम्ही वारंवार पाहिले आहे. याचे कारण त्यांचा भोळेपणा नव्हे. दोन्ही ठिकाणी दलाल असला तरी घरांच्या बाजाराची रचना धान्याच्या बाजाराहून अगदी निराळी आहे, आणि हा निराळेपणा सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. तो उलगडून सांगावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम आपल्या बेळगावचीच स्थिती पाहू. नवे प्लॉट शहराबाहेर वाटेल तितके मिळतात. त्यांच्या जाहिरातींचे फलक प्रत्येक रस्त्यावर आहेत. परंतु रविवार पेठेतील दुकानापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर, किंवा टिळकवाडी, हिंदवाडी, शहापूर या भागांत, चार खोल्यांचे जुने स्वतंत्र घर विक्रीस निघणे ही क्वचित घडणारी गोष्ट होय. ज्या घरातील वृद्ध माणसांस पहाटे पायी मंदिरात जावयाचे असते आणि मुलांस दुपारी जेवणासाठी दुकानातून घरी यावयाचे असते, त्यांना तीन कोस दूरचा बंगला काय कामाचा? त्यामुळे घर एक आणि गिऱ्हाइके पाच, असा प्रकार होतो. अशा घरावर 'विकणे आहे' ही पाटी कधी लागत नाही. वार्ता कानोकानी जाते, आणि ती सर्वांआधी दलालाच्या कानी पडते. म्हणून दलाल नकोच, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाही. चांगला दलाल कोणत्या घरात वाटणीची बोलणी चालू आहेत, कोणाचा मुलगा परदेशी स्थायिक झाला, कोणत्या वाड्यावर कज्जा आहे, हे सर्व जाणून असतो. ही माहिती मोलाची आहे आणि तिचे मोल दिलेच पाहिजे.

आता रचनेकडे वळू. आपल्या वडिलांच्या पिढीने 'हत्ता' पाहिला होता. रुमालाखाली हात घालून बोटे दाबावयाची आणि भाव ठरवावयाचा. शेजारी उभ्या असलेल्या माणसासही काय भाव बोलला गेला ते कळत नसे. बाजार समित्यांचे कायदे आले आणि धान्यबाजारातून ही पद्धत हद्दपार होऊन तिच्या जागी उघड लिलाव व पुढे टेंडर आले. घरांच्या बाजारात मात्र हत्ता अद्याप चालू आहे, फक्त रुमाल दिसत नाही. पाच गिऱ्हाइकांनी काय काय देऊ केले, विकणाऱ्याची खरी निकड किती, हे एकट्या दलालास ठाऊक असते. गिऱ्हाईक आपल्या बोलीखेरीज काहीच जाणत नाही, आणि पुष्कळ वेळा विकणाराही जाणत नाही.

अशा स्थितीत दलालाचे हित कोठे आहे, याचा हिशेब मांडून पाहावा. समजा, घराचा भाव ८० लाख आहे आणि दलाली दोन्ही बाजूंनी शेकडा एक ठरली आहे. सौदा झाला तर दलालास १,६०,००० रुपये मिळतात. तोच सौदा ८५ लाखांस झाला तर १,७०,००० मिळतात. म्हणजे आपल्या खिशातून पाच लाख अधिक गेले तेव्हा दलालाच्या पदरी दहा हजार अधिक पडले. परंतु सौदा फिसकटला तर त्याचे सगळे १,६०,००० गेले. यावरून असे दिसते की, दलालास भाव वाढविण्याची फारशी ओढ नसते आणि उतरविण्याचीही नसते. त्याची सगळी ओढ सौदा आजच्या आज पुरा होण्याकडे असते. जो पक्ष लवकर वाकेल त्या पक्षास तो वाकवितो. गिऱ्हाइकांची गर्दी असता विकणारा वाकत नाही, तेव्हा वाकावयाचे कोणी हे उघडच आहे. यात दलालाची लबाडी असतेच असे नाही. मोबदल्याची रीतच तशी आहे.

म्हणून दलालास विचारावयाचा पहिला प्रश्न 'घर केवढ्यास?' हा नव्हे. 'आपण कोणाचे दलाल? आमचे, त्यांचे, की दोघांचे?' हा होय. दोघांचा असेल तरी हरकत नाही, मात्र त्याने ते आरंभीच सांगावे. मग आपणही त्याच्याशी बोलताना ती जाणीव ठेवावी. जो दोन्हीकडून दलाली घेणार आहे त्याला 'पंच्याऐंशीपर्यंत जाण्याची आमची तयारी आहे, पण तुम्ही ऐंशीला पाहा' असे सांगणे म्हणजे पंच्याऐंशीला सौदा करणेच होय. केवळ आपल्या बाजूने काम करणारा दलाल मिळत असेल तर त्यास शेकडा अर्धा रुपया अधिक दिला तरी तो महाग पडत नाही, असे आमचे मत आहे.

कायदा याबाबतीत आपण समजतो त्याहून पुष्कळ स्पष्ट आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे एकाने नेमलेल्या मुखत्याराने त्याच्या कामात त्याच्या नकळत स्वतःचा व्यवहार करता कामा नये. त्या कायद्याच्या २१६ व्या कलमाखाली दिलेले उदाहरण तर नेमके घराचेच आहे. एकाने आपल्या मुखत्यारास अमुक घर खरेदी करण्यास सांगितले. मुखत्याराने 'ते घर मिळत नाही' असे कळवून स्वतःच विकत घेतले. हे उघडकीस आल्यावर, त्याने ज्या किमतीस घेतले त्याच किमतीस ते आपणांस विकावयास लावण्याचा धन्यास अधिकार आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायदेपंडितांस हा प्रकार सुचला, यावरून तो किती जुना असेल याची कल्पना करावी! मात्र या कलमाचा आधार घ्यावयाचा तर आपण त्या माणसास नेमले होते हे दाखविता आले पाहिजे. ते नुसत्या तोंडी बोलण्याने दाखविणे कठीण जाते. यास्तव एक साधे पत्र असावे. त्यात कोणत्या भागात, केवढ्यापर्यंत, कसले घर हवे, दलाली किती व केव्हा द्यावयाची, आणि दलाल दुसऱ्या बाजूकडून काही घेणार असल्यास किती, एवढे लिहून दोघांच्या सह्या झाल्या की पुरे. सौदापट्टीवाचून आपण एक गाडी ज्वारी उतरवून घेत नाही, मग येथेच लाज कसली?

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याविषयी, म्हणजे ज्यास सर्वजण 'रेरा' म्हणतात त्याविषयी, एक गैरसमज आढळतो. या कायद्याच्या ९ व्या कलमाने दलालास नोंदणी सक्तीची केली आहे आणि नोंदणीवाचून व्यवहार करणाऱ्यास दररोज दहा हजार रुपये दंड सांगितला आहे, हे खरे. परंतु ही सक्ती नोंदणीस पात्र अशा प्रकल्पांतील प्लॉट व सदनिका यांच्या विक्रीपुरती आहे. सामान्यतः ५०० चौरस मीटरांहून मोठी जागा अथवा आठांहून अधिक सदनिका असल्या म्हणजे प्रकल्प नोंदवावा लागतो. पेठेतील एखादे जुने घर कोणी खाजगी विकत असेल तर रेराचा क्रमांक नाही म्हणून दलाल खोटा ठरत नाही. आणि क्रमांक आहे म्हणून त्या घराचे कागद खरे ठरत नाहीत. मुलांसाठी पुण्याकडे सदनिका घेणाऱ्या सभासदांनी मात्र हा क्रमांक अवश्य विचारावा. महाराष्ट्रात २०२३ पासून दलालांस त्यासाठी शिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते.

गर्दीच्या बाजारात आणखी एक प्रकार आढळतो. घर दाखविणारा इसम दलाल नसून त्याने, किंवा त्याच्या मेहुण्याने, अगोदरच थोडासा इसार देऊन मालकाशी साठेखत केलेले असते, आणि मधला नफा ठेवून तो आपणांस गाठ घालून देतो. मालकास ७० लाख मिळावयाचे असतात आणि आपणांस ८० सांगितलेले असतात. हे ओळखण्याचा उपाय सोपा आहे: इसार, ज्यास आपल्याकडे संचकार म्हणतात, तो खुद्द मालकाच्या हाती, मालकाच्या खात्यावर, मालकाची सही घेऊनच द्यावा. 'मालक बाहेरगावी आहेत, माझ्याकडे ठेवा' असे म्हटले की उठावे. नुसत्या साठेखताने मिळकतीत हक्क निर्माण होत नाही, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच सांगितले आहे. मग साठेखत धारण करणाऱ्याकडून आपण काय विकत घेणार?

'दुसरे गिऱ्हाईक आले आहे, संध्याकाळपर्यंत सांगा' हे वाक्य ज्याने घर घेतले त्याने ऐकलेच असेल. कधी ते खरे असते, कधी नसते, आणि कोणते खरे हे ओळखण्याची विद्या आम्हांस तरी साधलेली नाही. म्हणून त्या वाक्याने आपला भाव बदलू नये अशी तजवीज आधीच करावी. घर पाहावयास जाण्यापूर्वी घरातील कर्त्या माणसांनी एकत्र बसून कमाल आकडा ठरवावा व कागदावर लिहून ठेवावा. हा आकडा लिहिताना दस्ताचा खर्च विसरू नये. कर्नाटकात ३१ ऑगस्ट २०२५ पासून नोंदणी शुल्क शेकडा एकवरून दोन झाले. मुद्रांक, उपकर व अधिभार धरून शहरातील ८० लाखांच्या घरास सुमारे सहा लाख आठ हजार रुपये वेगळे काढावे लागतात. पुष्कळांची ओढाताण नेमकी येथेच होते. कर्ज काढावयाचे असल्यास बँकेची तत्त्वतः मंजुरी आधीच खिशात असावी.

शिवाय विकणाऱ्यास नेहमी सर्वांत मोठा आकडाच हवा असतो हा समजही खरा नाही. आमच्या माहितीत एका वृद्ध दांपत्याने आपले घर सर्वांत अधिक देणाऱ्यास न देता दोन लाख कमी देणाऱ्यास दिले. कारण त्याने सर्व रक्कम चेकने देण्याचे कबूल केले होते, आणि पावसाळा संपेतोपर्यंत त्याच घरात राहण्याची त्यांस मुभा दिली होती. अधिक देऊ करणाऱ्याची निम्मी रक्कम त्याची स्वतःची जागा विकली गेल्यावर यावयाची होती. चांगल्या दलालाचा खरा उपयोग येथे होतो. विकणाऱ्यास कशाची निकड आहे, रकमेची, मुदतीची की निव्वळ खात्रीची, हे त्याने शोधून सांगावे. भाव वाढविण्यास दलाल कशाला हवा? ते आपले आपणांस येते.

घाईच्या सौद्यात बळी जातात ते कागद. वास्तविक घाई करावयाची तर ती कागद पाहण्यात करावी; त्यासाठी वकील आधीच ठरवून ठेवावा, म्हणजे दोन आठवड्यांचे काम चार दिवसांत होते. सिटी सर्व्हेचा उतारा, महानगरपालिकेतील खाते, कराच्या पावत्या आणि बोजाचा दाखला हे तर पाहावेच. बोजाच्या दाखल्यावर मात्र सर्व भिस्त ठेवू नये. त्यात नोंदलेल्या दस्तांचाच उल्लेख येतो. बँकेत मूळ खरेदीखत ठेवून काढलेल्या कर्जाचा उल्लेख त्यात असेलच असे नाही. तेव्हा मूळ खरेदीखत डोळ्यांनी पाहावे. झेरॉक्सवर समाधान मानू नये. अशा गहाणांची नोंद ठेवणारी 'सरसाई' नावाची मध्यवर्ती नोंदवही २०११ पासून आहे, तिच्यातही थोडे शुल्क भरून कोणासही शोध घेता येतो.

वडिलोपार्जित घर असेल तर बहिणींच्या सह्या हा सर्वांत नाजूक विषय होय. १९५६ चा वारसा कायदा आपणा जैनांसही लागू आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीस मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क आहे, आणि त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. तरीही 'बहिणी काही बोलणार नाहीत, त्यांच्या सह्या मागाहून घेऊ' असे दलाल सांगतो आणि पाहुणेरावळ्यांच्या ओळखीने आपणही ते मान्य करतो. ती बहीण कदाचित बोलणारही नाही. परंतु तिची मुले बोलतील, आणि तोवर घराची किंमत दुप्पट झालेली असेल. साठेखतावरच सर्व हिस्सेदारांच्या सह्या घ्याव्यात. एखादी बहीण इंदूरला अगर हैदराबादला दिलेली असेल तर तिचे नोंदविलेले मुखत्यारपत्र येईतो थांबावे, मग ते दुसरे गिऱ्हाईक घर घेऊन गेले तरी चालेल.

रकमेविषयी थोडक्यात. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार अगर अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास १ जून २०१५ पासून आयकर कायद्याने बंदी आहे. दंड घेणाऱ्यास असला तरी सौदा मोडल्यास पावतीवाचून दिलेली रोकड परत मागावयाची कशाच्या आधारे, हा प्रश्न देणाऱ्याचा आहे. तसेच किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर शेकडा एक प्रमाणे कर कापून सरकारात भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची आहे. दलाल याची आठवण बहुधा करून देत नाही.

राहता राहिली दलाली. इसाराच्या दिवशी निम्मी आणि दस्ताच्या दिवशी निम्मी अशी मागणी सर्रास होते. आमच्या मते सर्व दलाली दस्त नोंदला जाऊन घराच्या किल्ल्या हाती आल्यावर द्यावी, आणि तसे पहिल्या पत्रातच लिहून ठेवावे. विजेचे मीटर व नळ आपल्या नावावर करून देणे, जुनी बिले चुकती करून घेणे ही बारीकसारीक कामे दलाली शिल्लक असते तोवर आपसूक होतात. त्यानंतर मात्र ठरलेली रक्कम त्याच दिवशी, घासाघीस न करता, चेकने द्यावी व पावती घ्यावी. पुढील घराची वार्ता त्याच्याच कानी पहिल्याने पडणार आहे.