पाहुणा दारीं येतो तेव्हां

दारावरची घंटा वाजते, पाहुणे उंबऱ्याशीं येतात, आणि "या, बसा" हे शब्द आपल्या तोंडून बाहेर पडण्यापूर्वींच घरचा कुत्रा भुंकून भुंकून घर डोक्यावर घेतो. यजमान ओशाळतात, पाहुण्या बाई पदर सावरून मागें सरतात, आणि "घाबरूं नका, तो कांहीं करीत नाहीं" हें ठरलेलें वाक्य उच्चारलें जातें. या वाक्यावर माझा आतां विश्वास राहिलेला नाहीं. तो कां उडाला, आणि आपल्या घरच्या मुक्या प्राण्यास पाहुण्यांची व इतर जनावरांची संवय कशी लावावी, हें आज सांगण्याचें योजिलें आहे.

मी पशुवैद्य नव्हे. मुलांना पाढे घोकविण्यांत हयात गेलेला एक मास्तर आहें. नोकरींतून मोकळा झाल्यावर सोबतीस म्हणून मीं आठ महिन्यांचा एक गांवठी कुत्रा आणला व त्याचें नांव मोत्या ठेविलें. घरच्या माणसांशीं तो गाईसारखा गरीब. परंतु परका माणूस दिसला कीं गुरगुरे. मला हा बेशिस्तपणा वाटला. तो गुरगुरला कीं मीं छत्रीची मूठ उगारावी, प्रसंगीं एक ठेवूनहि द्यावी. दोनतीन महिन्यांत त्याचें गुरगुरणें थांबलें आणि मला आपल्या अध्यापनाचा अभिमान वाटला.

त्या वर्षीं गणपतीला माझी थोरली बहीण आली. आक्कानें प्रेमानें वांकून मोत्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्यानें चकार शब्द न काढतां तिच्या मनगटाला कडाडून चावा घेतला. जखम वाहत्या नळाखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुतली, तिला तसेंच दवाखान्यांत नेलें, आणि कुत्र्याला रोगप्रतिबंधक लस टोंचलेली असूनहि डॉक्टरांच्या सल्ल्यानें तिला सर्व इंजेक्शनें दिलीं. आक्कानें मला बोल लावला नाहीं. पण पुढचीं दोन वर्षें ती गणपतीला आली नाहीं. "तुझ्याकडे आतां टेलिफोनवरच येईन," असें ती म्हणाली. घरांत कुत्रा कीं बहीण, असा प्रश्न उभा राहिला.

त्या वेळीं एका पशुवैद्यांनीं माझे डोळे उघडले. ते म्हणाले, "गुरुजी, कुत्र्याची भीति तशीच राहिली, तुम्हीं फक्त धोक्याची घंटा काढून टाकलीत." हें माझ्या वर्मीं लागलें. वर्गांत जो मुलगा हात वर करून "समजलें नाहीं" म्हणतो त्याला छडी मारली, तर तो हात वर करणें सोडील. पण गणित त्याला समजलेलें नसेलच. आपल्याकडे 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेंतील छडी बंद केली. माझ्या घरांत मात्र ती छत्रीच्या रूपानें शिल्लक होती.

तेव्हां पहिलें तत्त्व हें कीं, गुरगुरण्याला शिक्षा करूं नये. पुष्कळदां तो उद्धटपणा नसून "मला भीति वाटते, दूर राहा" अशी विनंति असते. तिच्याहि आधीं प्राणी दुसऱ्या खुणा करीत असतो. भूक नसतां ओठ चाटणें, झोप नसतां जांभया देणें, तोंड फिरविणें, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणें, अंग ताठ होणें, या त्या खुणा होत. शेंपटी हलली म्हणजे कुत्रा खूष, ही समजूतहि अपुरी आहे. ताठ व उंच धरलेली शेंपटी भरभर हलत असेल तर सावध व्हावें.

दुसरें तत्त्व, भीति मारानें जात नाहीं. सुखाच्या संगतींत ती हळूहळू विरते. 1924 सालीं मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषीनें एक प्रयोग प्रसिद्ध केला. पीटर नांवाचा सुमारें तीन वर्षांचा मुलगा सशाला फार भीत असे. तो आवडीचा खाऊ खात असतां पिंजऱ्यांतला ससा खोलीच्या दूरच्या टोकाला ठेवीत, आणि मुलाच्या खाण्यांत व्यत्यय येणार नाहीं इतक्या बेतानें दिवसेंदिवस जवळ आणीत. शेवटीं तो मुलगा सशाला स्वतःचीं बोटें कुरतडूं देऊं लागला. मुलाच्या जागीं कुत्रा आणि सशाच्या जागीं पाहुणा कल्पिला कीं आपली रीति हातीं आली.

ती अशी. एका समजूतदार शेजाऱ्याची मदत घ्यावी. कुत्र्याला साखळीनें धरून, परका दिसला तरी तो शांत राहील इतक्या अंतरावर उभें राहावें. आमच्या मोत्याला प्रथम वीस पावलें लागलीं. शेजारी दिसला कीं लगेच उकडलेल्या अंड्याचा किंवा पनीरचा नखाएवढा तुकडा द्यावा. तो दिसेनासा झाला कीं खाऊ बंद. हा क्रम उलटा होऊं देऊं नये. आधीं खाऊ व मागून पाहुणा असें झालें तर खाऊच भीतीची सूचना होऊन बसतो. दोनतीन मिनिटांत पाठ आटोपावा. आवडीचा तुकडाहि तो घेईनासा झाला, तर आपण फार जवळ गेलों असें समजून मागें सरावें. दारावरच्या घंटेचा धडा वेगळा द्यावा. पाहुणा नसतांच ती हळू वाजवावी आणि खाऊ मात्र त्याच्या बैठकीच्या चटईवर द्यावा.

पाहुण्यांनाहि चार शब्द सांगावे लागतात, आणि यजमानांना तेंच अवघड जातें. कुत्र्याकडे टक लावून पाहूं नये, त्याच्यावर वांकूं नये, डोक्यावर हात नेऊं नये. थोडें कुशीवर वळून बसावें व त्याला आपण होऊन येऊं द्यावें. मनुका घातलेला लाडू, चॉकलेट किंवा कांदा घातलेला पदार्थ कौतुकानेंहि देऊं नये. हे जिन्नस कुत्र्याला विषारी आहेत. लहान मुलें आलीं तर मोठ्या माणसाची नजर क्षणभरहि हलतां कामा नये. घरांत पंचवीस माणसें जमणार असतील, तर कुत्र्याला आंतल्या खोलींत पाणी, अंथरूण व चघळावयास कांहीं देऊन ठेवावें. ही शिक्षा नव्हे. तें त्याचें माहेर आहे.

मांजराचा स्वभाव निराळा. त्याला जमीन प्रिय, आणि ओळख नाकानें पटते. घरांत दुसरें मांजर आणल्यास त्याला प्रथम स्वतंत्र खोलींत ठेवावें, एकाच्या अंगाला पुसलेलें फडकें दुसऱ्यापुढें ठेवावें, आणि बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांचीं ताटलीं मांडावीं. दोघें निर्धास्तपणें जेवूं लागलीं म्हणजे मग दार किंचित् किलकिलें करावें. कुत्रा व मांजर यांची भेट घडवितांना कुत्रा साखळीला असावा, आणि मांजराला उडी मारून बसावयास फळी किंवा कपाट मोकळें असावें.

ज्यांच्या घरीं पिल्लू आहे ते भाग्यवान्. स्कॉट व फुलर या अमेरिकन संशोधकांनीं 1965 सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखविलें आहे कीं, सुमारें तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ कुत्र्याच्या ओळखीपाळखीचा असतो. मांजराच्या पिल्लांत तो याहून लवकर, साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यांत येऊन जातो. लसी पुऱ्या व्हावयाच्या असतील तर पिल्लाला रस्त्यावर सोडूं नये. पण कडेवर घेऊन छत्रीवाला, दाढीवाला, काठीवाला, शाळेचीं मुलें, रिक्षाचा आवाज, हें सर्व त्याला दाखवावें.

मोत्याचें तें वय केव्हांच टळलेलें होतें. त्याला एक संबंध वर्ष लागलें, आणि तोंवर तोंडाला जाळी घालण्याचीहि संवय खाऊ देऊनच लाविली. एवढें करूनहि तो सर्वांचा लाडका झाला नाहीं. कांहीं प्राणी तसे होतच नाहींत, व आपण तो हट्ट धरूं नये. एकदां चावलेल्या प्राण्याच्या बाबतींत तर पशुवैद्याला विचारल्यावांचून असा एकहि पाठ सुरू करूं नये.

गेल्या गणपतीला आक्का आली. पहिले दोन दिवस मोत्या आंतल्या खोलीच्या दाराशीं साखळीला बसून होता, आणि आक्काची चाहूल लागली कीं माझ्या हाताकडे पाही. तिसऱ्या दिवशीं दुपारीं ती वाती वळीत बसली असतां तो माझ्याबरोबर हळूच आला आणि तिच्या पायांपासून वीतभर अंतरावर हनुवटी टेकून पडला. साखळी माझ्या हातांत होती व छाती धडधडत होती. आक्कानें हात पुढें केला नाहीं. ती वाती वळीत राहिली, आणि थोड्या वेळानें म्हणाली, "असूं दे रे. बसूं दे त्याला."

छत्री आतां फक्त पावसांतच उघडते.