क्ष-किरण चुंबकीय सूक्ष्मदर्शन

क्ष-किरण चुंबकीय सूक्ष्मदर्शन म्हणजे ध्रुवित क्ष-किरणांच्या साहाय्याने पदार्थातील चुंबकीय रचनांचे नॅनोमीटर मापावर चित्रण करण्याची पद्धती होय. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हार्ड डिस्कवरील माहिती काही दशक नॅनोमीटर आकाराच्या चुंबकीय ठिपक्यांत साठवलेली असते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर असल्यामुळे प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाला हे ठिपके एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत. या कामी वापरल्या जाणाऱ्या मृदू क्ष-किरणांची तरंगलांबी मात्र एक-दोन नॅनोमीटर एवढीच असते.

पार्श्वभूमी

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये हे किरण शोधले, तेव्हा ते चुंबकाने वळतात का हेही त्यांनी तपासले होते. ते वळले नाहीत. किरणांचे स्वरूप अज्ञात असल्याने त्यांनी बीजगणितातील अज्ञात राशीचे अक्षर त्यांना दिले. मराठीत त्याच अर्थाने ‘क्ष’ रूढ झाले. चुंबकाला न जुमानणारे किरण चुंबकत्वाचे चित्र काढतील, ही कल्पना त्यामुळे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. विसंगती दूर होते ती अणूच्या आत पाहिल्यावर. येथे चुंबकीय क्षेत्राने किरण वळत नाहीत; चुंबकित अणू ते कमी-अधिक प्रमाणात शोषतात.

तत्त्व

लोह, कोबाल्ट व निकेल यांचे चुंबकत्व मुख्यतः त्यांच्या अणूंतील बाहेरच्या ‘३डी’ इलेक्ट्रॉनांमुळे येते. या पातळीत एका दिशेच्या परिवलनाचे इलेक्ट्रॉन अधिक व विरुद्ध दिशेचे कमी असतात. त्यामुळे रिकाम्या जागाही दोन्ही परिवलनांसाठी सारख्या नसतात. वर्तुळ-ध्रुवित क्ष-किरणातील प्रत्येक फोटॉन स्वतःबरोबर कोनीय संवेग आणतो. आतल्या ‘२पी’ पातळीतील इलेक्ट्रॉन तो शोषून वर उडी घेतो, तेव्हा वर जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांत एका परिवलनाचे प्राबल्य असते. त्या परिवलनाच्या जागा जेथे अधिक रिकाम्या असतील तेथे शोषण वाढते, नसतील तेथे घटते. या परिणामास चुंबकीय वर्तुळ-द्विवर्णता म्हणतात.

व्यवहारात एकाच जागेची दोन चित्रे घेतात, एक डाव्या आणि एक उजव्या ध्रुवणाच्या किरणांनी. दोहोंची वजाबाकी केली की पृष्ठभागाचे उंचसखलपण बहुतांशी नाहीसे होते आणि चुंबकीय भेद तेवढा उरतो. किरणाच्या दिशेने चुंबकित झालेले भाग पांढरे दिसले, तर विरुद्ध दिशेचे काळे दिसतात. किरणाशी काटकोनात असलेले चुंबकन मात्र दिसत नाही; त्यासाठी नमुना फिरवून पुन्हा चित्र घ्यावे लागते.

प्रत्येक मूलद्रव्याची शोषण-कडा निराळी असते. लोहाची सुमारे ७०७, कोबाल्टची ७७८, तर निकेलची ८५३ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास येते. म्हणून एकावर एक चढवलेल्या थरांपैकी लोहाचे चुंबकत्व वेगळे व कोबाल्टचे वेगळे पाहता येते. या पद्धतीचे सर्वांत मोठे बळ बहुधा हेच आहे.

विकास

हा परिणाम गिझेला श्युट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये लोहावर प्रथम नोंदवला. तेव्हा वापरलेल्या कडेवर तो फारच क्षीण होता. १९९० मध्ये निकेलच्या ‘एल’ कडांवर तो कितीतरी ठळक आढळला आणि चित्रणाची वाट मोकळी झाली. १९९३ मध्ये योआखिम श्टोर व सहकाऱ्यांनी चुंबकीय तबकडीवर लिहिलेल्या नोंदींची चित्रे प्रसिद्ध केली. त्यासाठी किरणांमुळे पृष्ठभागातून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन भिंगांनी केंद्रित केले होते. या प्रकारात वरचे काही नॅनोमीटरच दिसतात, आणि बाहेरून तीव्र चुंबकीय क्षेत्र लावल्यास इलेक्ट्रॉन भरकटतात.

पारगामी सूक्ष्मदर्शकात ही अडचण नाही, कारण तेथे नमुन्यातून आरपार गेलेले क्ष-किरणच मोजले जातात. काचेचे भिंग क्ष-किरणांना उपयोगी नसल्याने समकेंद्री वलयांची सूक्ष्म चकती भिंगाचे काम करते. सर्वांत बाहेरचे वलय जितके अरुंद, तितके बारीक तपशील दिसतात. नमुना मात्र अतिशय पातळ असावा लागतो. २००४ मध्ये भिंगाशिवाय, होलोग्राफीच्या तत्त्वावर, सुमारे ५० नॅनोमीटर तपशिलाचे चित्र मिळवण्यात आले. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्थेत क्लेअर डोनेली व सहकाऱ्यांनी कठोर क्ष-किरण वापरून ५ मायक्रोमीटर व्यासाच्या गॅडोलिनियम-कोबाल्ट स्तंभाच्या अंतर्भागातील चुंबकनाची त्रिमितीय रचना उलगडली.

मर्यादा

असे तीव्र व ध्रुवित किरण मुख्यतः सिंक्रोट्रॉनमध्येच मिळतात. भारतात इंदूर येथील इंडस-२ हा असा स्रोत आहे. सिंक्रोट्रॉनचे किरण काही दशक पिकोसेकंदांच्या स्पंदांत येत असल्यामुळे वेगवान बदलही टिपता येतात. परंतु एका स्पंदातील प्रकाश सहसा पुरेसा नसल्याने तोच बदल लक्षावधी वेळा घडवून चित्रे एकत्र करावी लागतात. त्यामुळे दर वेळी निराळ्या तऱ्हेने घडणारी चुंबकीय घटना अशा चित्रात पुसट होते किंवा मुळीच उमटत नाही.