एअर पिस्तुलात छर्रा भरणे सोपे कसे होते?

टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ रोजी महिलांच्या १० मीटर एअर पिस्तूल प्रकाराची पात्रता फेरी सुरू असताना मनू भाकर हिच्या पिस्तुलात बिघाड झाला. नळीचे मागचे तोंड उघडणारी तरफ मोडल्याचे भारतीय पिस्तूल संघाचे प्रशिक्षक, मुंबईचे रोनक पंडित यांनी नंतर सांगितले. तरफ मोडली की नळी उघडत नाही आणि नळी उघडली नाही की छर्रा भरता येत नाही. दुरुस्ती होऊन ती पुन्हा आपल्या जागी उभी राहीपर्यंत पंधरा मिनिटांहून अधिक वेळ गेला होता आणि साठपैकी ४४ नेम शिल्लक होते. तिने ५७५ गुण मिळवले, बारावे स्थान आले आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये याच प्रकारात तिने कांस्यपदक मिळवले, तेव्हा टोकियोची ती तरफ पुन्हा चर्चेत आली.

असा बिघाड क्वचितच होतो. मात्र छर्रा भरण्यातील किरकोळ अडचण प्रत्येक नवशिक्याच्या वाट्याला रोज येते. एका सामन्यात साठ नेम, त्यांसाठी ७५ मिनिटे. म्हणजे एका नेमाला सरासरी सव्वा मिनिट. नियमानुसार प्रत्येक वेळी एकच छर्रा भरायचा असल्याने साठ नेमांसाठी हीच कृती साठ वेळा करावी लागते. एकदा छर्रा निसटला तर काही सेकंदच जातात. पण श्वासाची आणि हाताची बसलेली लय मोडते, आणि ती परत जुळवणे वेळ भरून काढण्यापेक्षा अवघड असते. लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे साडेअकरा मिलिमीटर व्यासाचे असते. तिथे मोडलेली लय लगेच दिसते.

अडचणीचे मूळ छर्‍याच्या आकारात आहे. ४.५ मिलिमीटर व्यासाचा, सुमारे अर्ध्या ग्रॅमचा हा शिशाचा तुकडा डमरूसारखा असतो: मध्ये बारीक कंबर, एका बाजूला भरीव डोके आणि दुसर्‍या बाजूला पोकळ, पातळ घेर. स्पर्धेच्या छर्‍याचे डोके सपाट असते, त्यामुळे कागदी लक्ष्यावर स्वच्छ गोल भोक पडते. हवेचा दाब मागून आला की हा घेर किंचित फुगून नळीला घट्ट बसतो आणि हवा निसटू देत नाही. शिसे मऊ असल्याने चिमटीत जोर जास्त झाला तर नेमका हाच घेर चेपतो. चेपलेला छर्रा नळीत वाकडा बसतो आणि त्याचा नेम भरकटतो; दोष मात्र नेमबाज स्वतःच्या हाताला देत राहतो.

आधुनिक स्पर्धा-पिस्तुलात तरफ उचलली की नळीच्या मागे एक लहानशी पन्हळ उघडी पडते. छर्रा डोके पुढे करून त्या पन्हळीत ठेवायचा आणि तरफ मिटायची; आतली दांडी त्याला नळीत ढकलते. जत्रेतल्या फुगे फोडण्याच्या बंदुकीत नळीच मोडून खाली वाकवतात आणि छर्रा अंगठ्याने दाबून बसवतात. स्वस्तातली स्प्रिंगची पिस्तुले याच जातीची. पन्हळ अरुंद, बोटे जाड, त्यात घाम; मग छर्रा उलटा पडतो, आडवा होतो किंवा थेट टेबलाखाली जातो. किनारपट्टीच्या दमट हवेत तर घाम गृहीतच धरावा लागतो.

यावर पहिला उपाय पिस्तुलात नाही, टेबलावर आहे. बहुतेक छर्रे गोल पत्र्याच्या डबीत येतात आणि नवशिका त्या खोल डबीत बोटे घालून एकेक शोधत बसतो. सुरतेत पर्वत पाटियासारख्या कापडव्यवसायाशी जोडलेल्या वस्त्यांत, जिथे खानदेशातून गेलेली मराठी कुटुंबेही राहतात, साडीवर खडे चिकटवण्याचे काम करणारे हात खडे पिशवीतून उपसत नाहीत. ते उथळ ताटलीत पसरून समोर ठेवतात. छर्‍यांचेही तसेच करावे. लागतील तेवढेच छर्रे कापडाचे अस्तर लावलेल्या उथळ झाकणात ओतावेत, म्हणजे ते घरंगळत नाहीत आणि एकमेकांवर आपटून चेपतही नाहीत. महागडे छर्रे प्रत्येकी स्वतंत्र खाच असलेल्या तबकातच मिळतात. रिकामे झालेले असे तबक जपून ठेवले तर पुढे साध्या छर्‍यांनाही चालते. लोहचुंबकाची युक्ती इथे कामाची नाही, कारण शिसे चुंबकाला चिकटत नाही. धातूचा चिमटाही नको, त्याने ओरखडे पडतात.

दुसरी गोष्ट हाताची. पिस्तुलाची लाकडी मूठ नेमबाजाच्या पंजाप्रमाणे घासून बसवलेली असते आणि तीवरची पकड दर वेळी बदलली तर नेमही बदलतो. म्हणून नेमाचा हात मुठीवरून न काढता पिस्तूल टेबलावर टेकवावे, नळीचे तोंड लक्ष्याकडेच ठेवावे आणि छर्रा दुसर्‍या हाताने भरावा. छर्‍याची ताटली त्याच हाताच्या बाजूला हवी. छर्रा कंबरेला हलकेच धरला की डोके कुठे आणि घेर कुठे हे बोटांनाच कळते; काही दिवसांच्या सरावानंतर त्याकडे पाहावे लागत नाही. डावखुर्‍यांनी पिस्तूल घेतानाच तरफ आणि पन्हळ उजव्या हाताला सोयीची आहे का, हे भरून पाहावे.

नळी मोडणार्‍या पिस्तुलात छर्रा नळीच्या कडेला समपातळीत बसला पाहिजे. अंगठा दुखत असेल तर टोक गोल असलेली लाकडी किंवा प्लास्टिकची छोटी काडी पुरते. नळी उघडी असताना ती दुसर्‍या हाताने घट्ट धरूनच ठेवावी. स्प्रिंगने ती अचानक मिटली तर बोटाला गंभीर इजा होते. पन्हळ रुंद करण्यासाठी घरी कानस चालवणे हा मात्र शुद्ध अविचार. कड जराशी खरवडली गेली तरी प्रत्येक छर्‍याचा घेर तिथे कापला जातो. नळीच्या तोंडाची कड घासून गुळगुळीत करणे हे जाणत्या कारागिराचेच काम. छर्रा भरला की नाही, असा संभ्रम झाला तर दुसरा भरू नये. दोन छर्रे नळीत अडकतात. अशा वेळी नळी लक्ष्याकडे ठेवून पंचाला किंवा प्रशिक्षकाला बोलवावे.

भारतात ४.५ मिलिमीटरपर्यंत व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. ती मर्यादा ओलांडेल असा, म्हणजे हवेचा दाब किंवा स्प्रिंग वाढवणारा कोणताही बदल या सोयीच्या नावाखाली करू नये. शिवाय शिसे विषारी आहे. छर्रे तोंडात धरण्याची सवय काही जणांना असते, ती मुलांना लागू देऊ नये. आणि सराव संपल्यावर पाण्याच्या बाटलीला किंवा डब्याला हात लावण्याआधी साबणाने हात धुवावेत.