ओव्याचे तेल व जीवाणूरोधक चाचणी : मोजमापातील एक चूक

दाढ दुखू लागली की लवंगेचे तेल, बाळ-बाळंतिणीला ओव्याची धुरी, पोटदुखीवर युनानी दवाखान्यातला अर्क अजवायन, हे उपचार आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. त्यामुळे सुगंधी तेलांचे सूक्ष्मजीवविरोधी गुणधर्म हा विषय आपण प्राध्यापक मंडळी प्रकल्पासाठी वारंवार देतो. साहित्य स्वस्त मिळते आणि निष्कर्ष दुसऱ्या दिवशी डोळ्यांना दिसतो. मात्र या प्रकल्पांत एक चूक नेहमी आढळते. तिचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम तेलाविषयी. ओव्याचे शास्त्रीय नाव ट्रॅकिस्पर्मम अम्मी. ओवा भरडून क्लेव्हेंजर उपकरणात पाण्याबरोबर उकळला की वाफेसोबत तेल निघते व निवल्यावर पाण्यावर तरंगते. थायमॉल, पॅरा-सायमीन व गॅमा-टर्पिनीन हे त्यातील प्रमुख घटक होत. जंतुनाशक गुण मुख्यतः थायमॉलचा. तेल थंड जागी ठेवल्यास त्याचे स्फटिक खाली बसतात. त्यांनाच ओव्याची फुले म्हणतात. थायमॉल जीवाणूच्या पेशीपटलातील मेदात शिरते, पटल सैल होते, आतील पोटॅशियम आयन व ए.टी.पी. बाहेर झिरपतात आणि पेशी मरते. ग्रॅम-ऋण जीवाणूंना बाहेरून आणखी एक आवरण असल्याने ते सहसा दाद देत नाहीत. त्यांतही स्यूडोमोनास एरुजिनोसा फार चिवट.

आता चुकीकडे वळू. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या मार्गदर्शनाखाली एका विद्यार्थिनीने ६ मि.मी. व्यासाच्या कागदी चकतीवर १० मायक्रोलिटर ओव्याचे तेल घेतले व शेजारी सिप्रोफ्लॉक्सॅसिनची तयार चकती ठेवली. तेलाभोवतीचे निरोधक्षेत्र मोठे आले. ‘ओव्याचे तेल प्रतिजैविकापेक्षा प्रभावी’ असा निष्कर्ष तिने लिहिला आणि मी त्यावर सही केली. मोजणी अचूक होती. चूक माझ्या नजरेची होती. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या प्रमाणित चकतीत ५ मायक्रोग्रॅम औषध असते. १० मायक्रोलिटर तेलाचे वजन सुमारे ९ मिलिग्रॅम, म्हणजे ९,००० मायक्रोग्रॅम भरते. एका बाजूला दुसरीच्या १,८०० पट माल ठेवून आम्ही तराजू धरला होता!

दुसरी अडचण त्याहून मूलभूत आहे. अगर म्हणजे बहुतांशी पाणी, आणि तेल पाण्यात मिसळत नाही. शिवाय ते उडून जाते. म्हणून क्षेत्राचा व्यास तेलाची ताकद जितकी सांगतो, तितकेच त्याचे पसरणे व उडणेही सांगतो. एकाच प्लेटमध्ये चार तेलांच्या चकत्या ठेवल्या तर झाकणाखाली साचलेली वाफ शेजारच्या चकतीचा निकालही बिघडवते. प्राथमिक चाळणी म्हणून ही पद्धत जरूर वापरावी, पण त्यावरून क्रमवारी लावू नये.

क्रमवारीसाठी किमान निरोधक मात्रा काढावी लागते. ऑस्ट्रेलियातील हॅमर, कार्सन व रायली यांनी १९९९ मध्ये ५२ वनस्पतिजन्य तेले व अर्क याच पद्धतीने तपासले. लेमनग्रास, ओरेगॅनो व बे या तीन तेलांनी चाचणीतील सर्व १० सूक्ष्मजीवांना २ टक्के वा त्याहून कमी मात्रेत रोखले, तर बदामाचे गोडे तेल धरून सहा नमुन्यांचा २ टक्क्यांपर्यंत कोणावरच परिणाम झाला नाही.

ही चाचणी आपल्या प्रयोगशाळेतही होऊ शकते. तेल द्रवमाध्यमात मिसळण्यासाठी ट्वीन-८० किंवा ०.१५ टक्के अगर घालावे आणि तेलाविना केवळ तेच घातलेली एक नळी नियंत्रण म्हणून ठेवावी. तेलामुळे नळी मुळातच गढूळ दिसते, त्यामुळे जीवाणूंची वाढ नुसत्या नजरेने ठरत नाही. रेझाझुरिनचा रंगबदल पाहावा.

नमुन्याची नोंदही हवी. तुळशीच्या एका झाडाच्या तेलात युजेनॉल अधिक, तर दुसऱ्याच्या तेलात मिथाइल युजेनॉल अधिक असू शकते. घटकांचे विश्लेषण बाहेरून करून घेणे परवडत नसेल तर निदान जात, वनस्पतीचा भाग, ठिकाण, महिना व साठवण लिहावी.

आता हिशेब पुन्हा मांडू. एखाद्या तेलाची किमान निरोधक मात्रा ०.५ टक्के आली, तर ती दर मि.लि. सुमारे ४,५०० मायक्रोग्रॅम होते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनला संवेदनशील स्टॅफिलोकॉकस ऑरियस दर मि.लि. १ मायक्रोग्रॅम वा त्याहून कमी मात्रेत थांबतो. इतके तेल रक्तात पोहोचविणे शक्य नाही आणि तसा प्रयत्नही धोक्याचा आहे. निलगिरी तेल वा कापूर अल्प प्रमाणात पोटात गेल्यानेही लहान मुलांना झटके आल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. चूळ भरण्याचे औषध, त्वचेवरील लेप व अन्न टिकविणे ही या तेलांची खरी क्षेत्रे. त्या विद्यार्थिनीचा प्रकल्प पुढील तुकडीला याच दिशेने, चूळ भरण्याच्या द्रावणातील थायमॉलवर, पुन्हा करावयास दिला. सिप्रोफ्लॉक्सॅसिनची चकती त्यात राहिली, पण केवळ जीवाणूंचा वाण व माध्यम ठीक आहे की नाही हे पाहण्यापुरती.