सरपण, पेट्रोल आणि बॅटरी

बॅटरीवरचा चेनसॉ म्हणजे कालपरवाचं खूळ, असं मानणाऱ्यांनी 1926 सालच्या जर्मनीतल्या स्टुटगार्टकडे पाहावं. तिथले अभियंते आंद्रेआस स्टिल यांचा पहिला चेनसॉ विजेवरच चालत होता. दोघांनी दोन बाजूंनी धरायचा आणि वायर पोचेल तिथवरच कापायचं. जंगलात वायर कुठून पोचणार? पुढच्याच वर्षी एमिल लेर्प यांनी थुरिंगियातल्या डोल्मार डोंगरावर पेट्रोलचा चेनसॉ चालवून पाहिला. 1929 मध्ये स्टिलही पेट्रोलकडे वळले. ते धूड 46 किलोंचं होतं. एकट्या माणसाला पेलेल असा त्यांचा चेनसॉ यायला 1950 साल उजाडलं, आणि तोही 16 किलोंचा. वीज मागे पडली ती वायरीपायी. लिथियम बॅटरीने ती वायर तोडली आणि जुना सामना पुन्हा सुरू झाला.

हा सामना आज चांगलाच रंगतो तो अमेरिकेत, व्हरमाँट-मेनसारख्या थंड राज्यांतल्या घरांच्या मागच्या अंगणात. तिथे सरपण ‘कॉर्ड’वर मोजतात: 4 फूट रुंद, 4 फूट उंच, 8 फूट लांब रास, म्हणजे 128 घनफूट. ओंडक्यांचे साधारण 16 इंचांचे तुकडे पाडायचे, फोडायचे आणि लाकडातली ओल 20 टक्क्यांखाली येईपर्यंत रचून ठेवायचे. कोकणात पावसाळ्याआधी लाकूडफाट्याची बेगमी होते, तशीच ही हिवाळ्याची. पण हे काम वर्षातल्या मोजक्या सुट्ट्यांचं. बाकीचे महिने चेनसॉ शेडमध्ये पडून असतो, आणि माझ्या मते घरगुती वापरापुरता निकाल त्या पडून राहण्यातच लागतो.

पेट्रोलचं इंजिन टू-स्ट्रोक. पन्नास भाग पेट्रोलला एक भाग ऑइल, हे मिश्रण आपणच करायचं. जळका धूर बाहेर ढकलायला आत येणारं ताजं मिश्रणच वापरलं जातं, त्यामुळे त्यातलं काही न जळताच बाहेर पडतं. तो वास कपड्यांना दिवसभर चिकटतो. हेही चाललं असतं. खरी गोची इथेनॉलची. अमेरिकेतल्या नेहमीच्या पेट्रोलमध्ये ते 10 टक्क्यांपर्यंत असतं, आपल्याकडे आता 20. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. टाकीत महिनोन्‌महिने राहिलेलं पेट्रोल कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट थर धरतं, आणि मग ऐन गरजेच्या दिवशी माणूस दोरी ओढून ओढून घामाघूम. रोज आठ तास लाकूड तोडणाऱ्याला हा त्रास फारसा होत नाही. त्याच्या टाकीत पेट्रोल शिळं व्हायला वेळच मिळत नाही.

बॅटरीवाल्याला ही कटकट नाही. बटण दाबलं की साखळी फिरते, सोडलं की थांबते. पण हिशेब मांडला की बॅटरीची मर्यादाही दिसते. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे 9 युनिट ऊर्जा असते. अर्ध्या लिटरच्या टाकीतल्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा जरी साखळीपर्यंत पोचला, तरी तो पाऊण युनिटाच्या वर भरतो. 56 व्होल्ट, 5 अँपिअर-तासांच्या बॅटरीत मुळात 0.28 युनिटच. शिवाय पेट्रोलची टाकी दोन मिनिटांत भरते. बॅटरीतली ऊर्जा अशी मोजकी, म्हणूनच बॅटरीच्या अनेक चेनसॉंना अरुंद साखळी लावतात. चीर बारीक पडली की भुसा कमी, भुसा कमी तर वीजही कमी खर्च होते. जाड ओंडक्यात पातं जोराने रेटलं तर पेट्रोलचं इंजिन आधी कण्हतं. बॅटरीचं यंत्र मात्र मोटर वाचवायला पटकन बंद पडतं. अशा वेळी मोटरला बोल लावण्याआधी खाली पडलेलं पाहावं. जाडसर कपच्या असतील तर साखळीला धार आहे. पिठासारखा भुसा असेल तर कानस घेऊन बसायचं. बोथट साखळी बॅटरी गिळते.

आवाज कमी, हा बॅटरीचा मोठा गुण, आणि थोडा घातकही. ड्रिल मशीन हाती घ्यावं तसा लोक हा चेनसॉ विनाहेल्मेट उचलतात, पण पात्याचं टोक अडकलं की उसळी तशीच बसते. मांड्यांवर बांधायच्या संरक्षक कवचांची गोष्ट तर फार थोड्यांना ठाऊक असते. त्यातले लांब धागे साखळीत गुंततात आणि इंजिनाची चाल अडवतात. विजेच्या मोटरचा जोर मात्र वेग घटला तरी लगेच कमी होत नाही. त्यामुळे पुष्कळ कवचांवर छापलेलंच असतं, की विजेच्या चेनसॉपासून बचावाची हमी नाही.

वादळानंतर मात्र बॅटरीची पंचाईत होते. झाडं आडवी पडतात आणि वीजही जाते. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीत बागाच्या बागा झोपवल्या, आणि कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. अशा ठिकाणी चार्ज केलेल्या दोन-तीन बॅटऱ्या किती पुरणार?

पेट्रोलची बाजू अशी भक्कम असली, तरी कॅलिफोर्नियाने 2021 मध्ये कायदा करून चेनसॉसारख्या यंत्रांतल्या लहान इंजिनांवर गंडांतर आणलं. 2024 पासूनच्या नव्या यंत्रांना धूर अजिबात न सोडण्याची अट लागली. मात्र 45 सीसी आणि त्यावरचे चेनसॉ त्यातून सुटले, कारण देशाच्या कायद्यानुसार ती शेती-बांधकामाची अवजारं ठरतात आणि राज्याचा हात तिथे पोचत नाही. ही रेघ वकिली कारणांनी पडली खरी, पण घरच्या सरपणासाठी घ्यायचे चेनसॉ बहुतेक तिच्या खालचेच असतात.