कपाल-ऑस्टिओपॅथी : संक्षिप्त परिचय

• उगम : अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये अमेरिकेत प्रवर्तित केलेल्या ऑस्टिओपॅथी या हस्तोपचार पद्धतीची ही शाखा त्यांच्या विद्यालयाचे पदवीधर विल्यम गार्नर सदरलंड यांनी विकसित केली, त्यांचा ‘द क्रेनिअल बोल’ हा ग्रंथ १९३९ चा.

• रचना : कवटीत २२ अस्थी, मस्तकाच्या ८, चेहऱ्याच्या १४.

• हस्तक्रिया : ‘व्हॉल्ट होल्ड’मध्ये दोन्ही हात कवटीच्या बाजूंवर अलगद ठेवतात, ‘सीव्ही-४’मध्ये डोक्याची मागील अस्थी तळहातांवर पेलून तीवर सौम्य दाब देतात.

• भेद : जॉन अपलेजर यांची क्रेनिओसेक्रल थेरपी कपाल-ऑस्टिओपॅथीतूनच १९७० च्या दशकात निघाली.

• प्रमाण : कवटीच्या अस्थी लयबद्ध हलतात हा या उपचारामागील सिद्धांत व उपचाराची परिणामकारकता यांस विश्वसनीय शास्त्रीय आधार लाभलेला नाही.

• निषिद्ध : डोक्यास ताजी इजा, मेंदूतील रक्तस्राव.