दाढी-मिशी आणि स्लीप ॲप्नियाचा मास्क : निवडीचा एक विचार

प्रस्तावना

घोरणे हा घराघरांत थट्टेचा विषय असतो. परंतु घोरता घोरता श्वास थांबणे हा थट्टेचा विषय नव्हे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वसनमार्ग मिटतो, छाती हलत राहते पण हवा आत जात नाही, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण घसरते आणि अखेर मेंदू अर्धवट जागा होऊन श्वास पुन्हा सुरू करून देतो. झोपलेल्या माणसाला याची बहुधा जाणीवही नसते. श्वास किमान १० सेकंद थांबणे किंवा तितका वेळ अतिशय उथळ होणे हा एक खंड मानला जातो. तासाला असे ५ ते १५ खंड पडल्यास विकार सौम्य, १५ ते ३० पडल्यास मध्यम आणि ३० पेक्षा अधिक पडल्यास तीव्र समजला जातो. अवरोधजन्य स्लीप ॲप्निया असे या विकाराचे नाव आहे. दिवसा अनावर झोप येणे, उच्च रक्तदाब आणि वाहन चालवताना डुलकी लागून होणारे अपघात यांच्याशी त्याचा संबंध सुपरिचित आहे.

मुंबईत नियमित आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयोगटातील पुरुषांचा जो अभ्यास डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात झोपेतील श्वसनाचा बिघाड सुमारे १९.५ टक्के पुरुषांत आणि दिवसाच्या झोपाळूपणासह पूर्ण विकार सुमारे ७.५ टक्के पुरुषांत असावा, असा अंदाज मांडला होता. हा विकार स्त्रियांनाही होतो, पण पुरुषांत त्याचे प्रमाण अधिक आढळते. आणि दाढी-मिशीही पुरुषांचीच. असे असूनही मास्कच्या माहितीपत्रकांवरील चेहरे बहुधा तुळतुळीत दाढी केलेले असतात. दाढी राखणाऱ्या रुग्णाला मग एक सोपा सल्ला मिळतो : दाढी काढा. काही जण ती काढतात; काही जण मास्क कपाटात ठेवून देतात. या दुसऱ्या गटाचा विचार करता दाढी आणि मास्क यांचा मेळ कसा घालता येतो, हे पाहणे आवश्यक ठरते.

हवेचा दाब आणि कडेचे काम

ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे कॉलिन सुलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नाकावाटे सतत दाबाची हवा देऊन घसा उघडा ठेवण्याची पद्धत शोधली आणि १९८१ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात ती प्रसिद्ध केली. तीच आजची सीपॅप पद्धती. आरंभीच्या काळात रुग्णाच्या नाकाचा साचा घेऊन मास्क बनवला जाई आणि तो रोज रात्री सिलिकोनच्या चिकट द्रव्याने चेहऱ्यावर चिकटवला जाई. मिशी असलेल्या माणसाला तो किती जाचक झाला असता, याची कल्पना सहज करता येते. पुढे चिकटवण्याची जागा मऊ सिलिकोनच्या कुशनने आणि डोक्यामागून जाणाऱ्या पट्ट्यांनी घेतली. तरी मूळ प्रश्न तोच राहिला. मास्कची कडा चेहऱ्यावर अशी टेकली पाहिजे की आतला दाब टिकून राहील.

हा दाब पाण्याच्या स्तंभाच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. यंत्रे सामान्यतः ४ ते २० सेंटिमीटर इतका दाब देतात. १० सेंटिमीटर दाब म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १० ग्रॅम वजनाइतका रेटा. नाक व तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कचे क्षेत्रफळ ढोबळमानाने ६० चौरस सेंटिमीटर धरले, तर हवा त्या मास्कला चेहऱ्यापासून सुमारे ६०० ग्रॅमच्या जोराने दूर ढकलते. केवळ नाक झाकणाऱ्या मास्कचे क्षेत्रफळ २५ चौरस सेंटिमीटर मानले तर हा जोर २५० ग्रॅमवर येतो, आणि नाकपुड्यांच्या तोंडाशी बसणाऱ्या लहान कुशनच्या बाबतीत तो काही दशक ग्रॅमच उरतो. पट्ट्यांना याच जोराविरुद्ध मास्क धरून ठेवायचा असतो. म्हणून मास्क जितका मोठा, तितके पट्टे अधिक ताणावे लागतात. दाढीच्या केसांमुळे हवा निसटू लागली की रुग्ण पट्टे आणखी आवळतो. त्यामुळे कुशनची कडा दुमडते, नाकाच्या दांड्यावर वळ उठतात आणि गळती थांबण्याऐवजी वाढते. दाढीवाल्या रुग्णांच्या पुष्कळशा तक्रारींचे मूळ केसांइतकेच या आवळण्यात असते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. सीपॅपचा मास्क पूर्णतः हवाबंद नसतोच. उच्छ्वासातील कर्बवायू बाहेर जावा म्हणून त्याला मुद्दाम छिद्रे ठेवलेली असतात आणि १० सेंटिमीटर दाबाला त्यांतून मिनिटाला साधारण ३० लिटरच्या आसपास हवा बाहेर पडत असते. यांखेरीज कडेतून होणारी थोडी गळती यंत्र अधिक हवा सोडून भरून काढते. एका प्रचलित यंत्रात मिनिटाला २४ लिटरपर्यंतची अशी गळती चालण्याजोगी धरली आहे. धूळ वा जंतूंपासून संरक्षण देणाऱ्या श्वसनमास्कचे तसे नाही. तेथे बाहेरची दूषित हवा आत येता कामा नये. म्हणूनच अमेरिकेतील कामगार-सुरक्षेच्या नियमांत मास्कच्या कडेखाली येणाऱ्या दाढीस मनाई आहे. हा नियम सीपॅपला लावण्याचे कारण नाही. सीपॅपमध्ये हवेचा ओघ आतून बाहेर असतो आणि गळतीला एक मर्यादा दिलेली असते. ती मर्यादा पाळली की दाढी राहू शकते.

केस कोठे, कडा कोठे

दाढी चेहऱ्यावर आहे एवढ्याने अडचण होत नाही. मास्कची कडा जेथे टेकते तेथे केस असले तरच होते. फुल फेस मास्कची कडा नाकाच्या दांड्यावरून दोन्ही गालांवर उतरून खालच्या ओठाखालच्या खळग्यात येते. भरघोस दाढीत ही जवळजवळ सारी खालची बाजू केसांवरच टेकते. नेझल मास्कची कडा नाकाभोवती फिरते आणि वरच्या ओठावर थांबते; म्हणजे दाढी तिच्या वाटेत येत नाही, पण मिशी येते. नाकाखाली पाळण्यासारखा बसणारा मास्कही मिशीच्याच वरच्या कडेवर टेकतो. नेझल पिलो या प्रकारात मात्र दोन लहान कुशने नाकपुड्यांच्या तोंडाशी बसतात आणि हवाबंदपणा तेथील केसविरहित त्वचेवर साधला जातो. त्यामुळे दाढी व मिशी दोन्ही राखणाऱ्या रुग्णाने प्रथम नेझल पिलो वापरून पाहावे, हे तर्काला धरून आहे. झुपकेदार मिशीमुळे पिलोचे बूड वर उचलले जाण्याचा संभव असतो. पण नाकपुड्यांखालची दोन-तीन मिलिमीटरची पट्टी कातरीने साफ केली की बहुधा काम भागते. पीळदार मिशीच्या टोकांना तर हातही लावावा लागत नाही!

दाढी नसलेल्यांतही फुल फेस मास्कपेक्षा नाकावाटे हवा देणाऱ्या मास्कमध्ये गळती कमी राहते, दाब तुलनेने कमी पुरतो आणि रुग्ण उपचार अधिक नेमाने चालू ठेवतात, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. तेव्हा दाढीमुळे नेझल पिलोकडे वळावे लागणे ही तडजोड समजण्याचे कारण नाही. तथापि अडचणी आहेत. दाब जास्त असल्यास हवेचा झोत नाकात बोचतो, आतली त्वचा कोरडी पडून दुखते; त्यासाठी यंत्राला गरम पाण्याचा ह्युमिडिफायर जोडावा लागतो आणि योग्य आकाराची पिलो निवडावी लागते. दुसरी अडचण तोंड उघडे पडण्याची. नाकावाटे आलेली हवा उघड्या तोंडातून निघून जाते. हनुवटीला बांधायचा पट्टा दाढीवरून सरकतो आणि केस ओढतो, म्हणून त्यावर विसंबणे दाढीवाल्यास फारसे सोयीचे नाही. तोंडाने श्वास का घ्यावा लागतो, हे आधी पाहणे श्रेयस्कर : नाक चोंदलेले असणे, पडदा वाकडा असणे, ॲलर्जी ही कारणे कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून तपासून घेतली तर फुल फेस मास्कची गरजच कित्येकदा उरत नाही.

ज्यांना फुल फेस मास्कवाचून गत्यंतर नाही, त्यांच्यासाठी नाकाच्या दांड्याऐवजी नाकाखाली बसणारा व तोंड झाकणारा लहान प्रकार उपलब्ध आहे. मेमरी फोमची कुशने केसांच्या उंचसखलपणाशी सिलिकोनपेक्षा बरी जुळतात. मात्र ती लवकर झिजतात व धुता येत नाहीत. कापडी अस्तराने त्वचेला आराम पडतो; गळती कमी होईलच असे नाही.

केसांचा प्रकारही महत्त्वाचा आहे. सर्वांत त्रासदायक असतात ते दोन-तीन दिवसांचे खुंट. ते ताठ असतात, कुशनला खरडतात आणि त्वचेला टोचतात. याउलट लांब व मऊ झालेली दाढी कडेखाली दबून सपाट बसू शकते. म्हणजे 'थोडी कमी केली' असे समाधान मानून अर्धवट वाढलेली दाढी ठेवणे हा मधला मार्ग नसून अनेकदा सर्वांत वाईट मार्ग ठरतो. एक तर कडेखालची पट्टी रोज साफ ठेवावी, नाही तर केस पुरते वाढू द्यावेत.

दाढी काढण्याच्या सल्ल्याविषयी

काहींच्या बाबतीत दाढी ही आवडीची बाब नसते. शीख धर्मात केश राखणे हे पाच ककारांपैकी एक आहे. नांदेडच्या हुजूर साहिबमुळे महाराष्ट्राला ही परंपरा परकी नाही. मुस्लिम समाजातही अनेक जण धर्माचरण म्हणून दाढी ठेवतात. अशा रुग्णाला 'दाढी काढा' म्हणणे म्हणजे प्रत्यक्षात 'उपचार सोडा' म्हणणे होय. ही अडचण कल्पकतेने सुटू शकते याचे एक उदाहरण श्वसनमास्कच्याच क्षेत्रात सापडते. २०२० मध्ये कोविडच्या साथीत ब्रिटनमधील शीख वैद्यकीय व्यावसायिकांनी दाढी बांधण्याच्या 'ठाठा' या पारंपरिक फडक्यावरून सुचलेली पद्धत वापरली : दाढीवर रबरी ताणपट्टी डोक्यावर गाठ मारून बांधायची आणि तिच्यावर मास्क चढवायचा. 'सिंग ठाठा' या नावाने ती वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि मास्क नीट बसल्याची चाचणी त्यातून बहुसंख्य व्यक्ती उत्तीर्ण झाल्या. रात्रभराच्या सीपॅपसाठी ती जशीच्या तशी उचलता येणार नाही. घाम, रबराची ॲलर्जी आणि झोपेतील हालचाल यांचा विचार करावा लागेल. पण केस कापण्याऐवजी केसांवर गुळगुळीत पृष्ठभाग निर्माण करणे, ही त्यामागील दृष्टी विचारात घेण्याजोगी आहे. केसांचा बुचडा डोक्यावर असेल तर मागचे पट्टे त्याच्या खाली आणि वर असे विभागून बसणारी रचना निवडावी लागते, हेही विक्रेत्यास आधी सांगणे इष्ट.

मास्क पारखताना

मास्क बसून, दिव्याच्या उजेडात आणि यंत्र बंद असताना पारखण्याची पद्धत निरुपयोगी आहे. आडवे झाल्यावर गालांची ठेवण बदलते. म्हणून रुग्णाने आपला नेहमीचा दाब सुरू करून, पाठीवर व दोन्ही कुशींवर काही वेळ निजून पाहावे. मास्क चढवल्यावर तो किंचित पुढे ओढून सोडावा. त्यामुळे हवेने कुशन फुगते व केसांवर आपोआप स्थिरावते. पट्टे यानंतरच, आणि थोडेथोडेच, आवळावेत. वापरलेला मास्क विक्रेते सहसा परत घेत नाहीत, तेव्हा ही परीक्षा खरेदीपूर्वीच झालेली बरी. घरी आणल्यावर यंत्रात नोंदलेले गळतीचे आकडे आठवडाभर पाहावेत. मध्यरात्रीनंतर गळती वाढत असेल तर दोष केसांपेक्षा कूस बदलण्याचा किंवा तोंड उघडे पडण्याचा असू शकतो.

तेलाचा मुद्दा मराठी घरांत विशेष लागू पडतो. निजण्यापूर्वी डोक्याला व दाढीला खोबरेल चोळण्याची सवय असल्यास कुशन घसरते, पट्टे मागून सरकतात आणि सिलिकोन लवकर खराब होते. तेल सकाळी लावावे; रात्री चेहरा व दाढी साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करावी, आणि कुशनही रोज सौम्य साबणाने धुवावे. फट बुजवण्यासाठी कडेवर पेट्रोलियम जेली फासण्याचा मोह टाळावा. काही मास्कच्या पट्ट्यांत चुंबकाच्या कळा असतात. पेसमेकर किंवा शरीरात धातूचे उपकरण बसवलेल्यांनी ते आधी डॉक्टरांना दाखवावेत.

निद्रातपासणीच्या वेळी दाढी केलेली असेल आणि नंतर ती वाढवली, किंवा उलट झाले, तर मास्कचे माप व गळती दोन्ही पुन्हा पाहावी लागतात. डॉक्टरांनीही दाढीखालची हनुवटी हाताने चाचपून पाहावी. आत गेलेला जबडा हे या विकाराचे एक कारण असते आणि दाढी तो झाकून टाकते. सौम्य वा मध्यम विकारात असा रुग्ण कोणताही मास्क सहन करू शकत नसेल, तर खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे दंतोपकरण दंतवैद्याकडून बनवून घेता येते, आणि त्याची कडा चेहऱ्यावर कोठेच टेकत नाही.